एकोणिसावा आवाज

१

तनयाच्या घराची मागची भिंत सदा थरथरत असायची. भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता, चोवीस लूमचा, आणि शुक्रवारची सुट्टी सोडली तर तो दिवसरात्र चालायचा. भिवंडीत अशा भिंती घरोघर आहेत, त्यांचं कुणाला काही वाटत नाही. फडताळातली ताटं हादऱ्यांनी पुढे सरकत यायची आणि आई दोन दिवसांनी ती मागे ढकलायची, एवढंच. घरात बोलणं चालायचं ते ओठांनी आणि हातवाऱ्यांनी. पाहुणे म्हणायचे, "प्राजक्ताताई, तुम्ही सगळे मुके आहात की काय?" त्यावर आईचं ठरलेलं उत्तर होतं, "मुके नाही, बहिरे. जेवून जा."

घरात बहिरी नव्हती ती फक्त तनया. दहावीतली ही मुलगी चारचौघांत तोंड उघडत नसे, पण तिच्या कानांतून काही सुटत नसे. चोवीस लूमचा खडखडाट इतरांना एकच वाटायचा. तिला तो चोवीस वेगवेगळ्या माणसांच्या भांडणासारखा ऐकू यायचा. एकदा ती मुकादमाला दारातूनच म्हणाली होती, "काका, तुमच्या तेरा नंबरच्या लूमचा धोटा आज अडखळतोय." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा टोकदार लाकडी तुकडा. केसरीनाथ मुकादम हसला. पण तासाभराने तो स्वतःच दारात आला. "आगो, खरंच चीर गेलती त्याला! सुटला आसता तर मानसाचा डोला गेला आसता. आमच्या मशिनींची डाक्टरीन हायेस तू!"

पण तनयाचे कान घराला लागायचे ते वेगळ्या कामासाठी. धाकट्या ओवीला दमा होता. तिसरीतली पोर, काडीसारखी. दम लागायच्या आधी तिच्या छातीत एक बारीक शीळ वाजायला लागायची, आणि त्या खडखडाटात ती शीळ फक्त तनयाला ऐकू यायची. ती झोपेतून उठायची, आईला हलवायची आणि आई वाफेचं मशीन लावायची. डॉक्टर म्हणाले होते की इतक्या लवकर कळतं म्हणून निभावतंय. त्यामुळे आईबाबा निर्धास्त झोपत. तनया आहे ना.

२

दहावीचं वर्ष सुरू झालं आणि तनयाला ते कान जड व्हायला लागले. गणिताचं पुस्तक उघडलं की पंख्याचा कुरकुरता स्क्रू, आईच्या बांगड्या, बाबांचं घसा खाकरणं, शेजारच्या नळाची टपटप, सगळं एकाच वेळी डोक्यात शिरायचं. सहामाहीत ती बीजगणितात पहिल्यांदाच गडबडली. घरी येऊन उशीत डोकं खुपसून बसली.

त्याच महिन्यात शाळेत ठाण्याहून रुचिका मॅडम आल्या. हुशार मुलांच्या चाचण्या घेऊन त्यांना मार्गदर्शन करायचं त्यांचं काम होतं. तनयाची चाचणी तपासून त्यांनी तिला एकटीला बोलावलं.

"कोडी तू फार पटकन सोडवलीस. मग शेवटचं पान कोरं का?"

"बाहेर कोणीतरी खडू मोडत होतं," तनया खाली बघत म्हणाली. "तीन वर्ग सोडून पलीकडे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काही हुशार मुलांचं असं होतं. आपल्या मेंदूला एक चाळणी असते, नको ते बाहेर ठेवणारी. तुझ्या चाळणीची भोकं मोठी आहेत, म्हणून सगळंच आत येतं. हुशारीही त्याच वाटेने आली असेल कदाचित. घाबरू नकोस, आपण चाळणी बारीक करू."

त्यांनी तिला एक उपाय दिला. वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात आवाज, दुसऱ्यात तो कुठून येतो, तिसऱ्यात बरोबरची खूण. पण नियम एकच, आवाजाचा उगम स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच खूण करायची.

"एकदा ओळख पटली की मेंदू त्या आवाजाला सोडून देतो," मॅडम म्हणाल्या. "करून तर बघ."

३

तिने करून बघितलं. पहिला आवाज पंख्याचा. स्टुलावर चढून तिने तो सैल स्क्रू बघितला आणि खूण केली. दुसरा नळाचा. तिसरा आईच्या बांगड्यांचा. चौथा बाबा घसा खाकरतात तो. बाबा मानकोलीच्या गोदामात क्लार्क होते; तिथल्या धुळीने त्यांचा घसा कायम धरलेला असायचा. पाचवा कुकरच्या शिट्टीचा, सहावा ओवीच्या स्लिपरांचा. अकरावा लूमचा. त्यासाठी ती कारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली, चोवीसच्या चोवीस लूम स्वतःच्या डोळ्यांनी मोजल्या आणि परत येऊन खूण केली.

आठवड्याभरात जादू झाली. गणित करताना मान वर करायची गरज उरली नाही. पुढच्या चाचणीत चाळीसपैकी चाळीस. बाबांनी पेढे आणले. आई हाताने म्हणाली, "बघ, आता डोळ्याखालची काळी वर्तुळंसुद्धा गेली."

एक गोष्ट मात्र तनयाने कोणाला सांगितली नाही. आवाज कमी झाले नव्हते, ते संपले होते. पंख्याखाली उभी राहिली की केस उडायचे, पण कुरकुर नाही. भिंतीला हात लावला की ती थरथरायची, पण खडखडाट नाही. आई पोळ्या लाटायची, बांगड्या वरखाली व्हायच्या आणि त्यांतून काहीच यायचं नाही, टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं.

तिने मॅडमना फोन केला. मॅडम खूश झाल्या. "यालाच सवय होणं म्हणतात, तनया. रेल्वेलाईनजवळ राहणाऱ्यांना गाडी ऐकू येते का?"

ते पटण्यासारखं होतं, आणि तनयाने ते पटवून घेतलं.

ओवीची शीळ तिने वहीत लिहिली नाही. मुद्दामच नाही. तो आवाज तिला हवा होता.

४

एकोणिसावा आवाज तिला सापडला तेव्हा घरात जवळजवळ शांतताच होती. बाकीचे सगळे आवाज गेल्यामुळेच तो सापडला.

तो फार हळू होता. ओल्या फडक्याने भिंत पुसावी, थांबावं, पुन्हा थोडं पुसावं, तसा. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीतून यायचा, बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीवरून. तिने लिहिलं : '१९. घासल्याचा'. पुढचा रकाना कोरा ठेवला.

पाल असेल म्हणून तिने कॅलेंडर काढून बघितलं. पाल नव्हती. वायरची पट्टी बघितली, ओल बघितली, फडताळ ओढून मागे बघितलं. तिने एक गोष्ट ताडली आणि मग ताडली याचंच तिला वाईट वाटलं. ती वाचत असली की आवाज बंद असायचा. ती पेन खाली ठेवून ऐकायला लागली की तो सुरू व्हायचा. ती खुर्ची डावीकडे सरकवून बसली की थोड्या वेळाने तोही डावीकडून यायचा.

'योगायोग,' तिने स्वतःला सांगितलं. 'आपण जिथे कान देतो तिथूनच आवाज येतोय असं वाटणार.' हेसुद्धा पटण्यासारखं होतं.

५

शुक्रवार उजाडला. सकाळी लूम बंद झाल्या. भिवंडीत शुक्रवारची गंमत अशी की खडखडाट थांबला की तान्ही पोरं रडत उठतात आणि मोठी माणसं सवयीने ओरडूनच बोलत राहतात. दुपारी तनया सकाळच्या शाळेतून आली तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडत होती, "हात धू आणि बस!" ओवी जमिनीवर पालथी पडून चित्रं रंगवत होती.

तनया टेबलापाशी दप्तर ठेवायला गेली आणि थबकली.

भिंतीपलीकडे बांगड्या वाजल्या.

आईच्याच. दोन काचेच्या आणि मध्ये एक लाखेची, तिचा जरासा बद्द आवाज. ही ओळख चुकणं शक्य नव्हतं, तिनेच ती वहीत लिहिली होती. तिने वळून बघितलं. स्वयंपाकघरात आई कणीक मळत होती, हात जोरात हलत होते, बांगड्या मनगटावर आपटत होत्या, आवाज शून्य. आणि प्रत्येक आपटीला भिंतीपलीकडून किणकिण येत होती.

मग तिकडे कोणीतरी घसा खाकरला, बाबांसारखा. बाबा मानकोलीला होते.

मग पंख्याची कुरकुर. नळाची टपटप. फरशीवरून छोट्या स्लिपरांची चटपट, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठल्याशा घरात दुपारची कामं चालली असावीत तसं सगळं निवांत चाललं होतं. फक्त बोलणं नव्हतं. त्या घरात कोणी बोलत नव्हतं.

"आई," तनया म्हणाली, "कारखान्यात कोणी राहायला आलंय का?"

"त्या धुळीत कोण राहील? आज तर कुलूप आहे!" आई ओरडली. "ये, पोळी गार होतेय."

६

केसरीनाथ संध्याकाळच्या आत तेलपाणी करायला यायचा. तनया दारातच उभी राहिली.

"काय डाक्टरीन, आज बंद मशीन तपासतेस का काय?"

"काका, आतून आमच्या बाजूची भिंत बघू?"

"बग की. तुला न्हाय कोन बोलनार?"

आत दिवे लावले तरी उजेड पिवळटच होता. कापसाचा बारीक भुगा सगळ्यावर बसला होता, छतावर, वायरींवर, भिंतींवर. इंचभर जाडीची पांढरी लव. लूम ओळीने उभ्या होत्या, ताणलेल्या धाग्यांसकट, मान खाली घातल्यासारख्या. तेरा नंबरची तनयाच्या घराच्या भिंतीला लागून होती. लूम आणि भिंतीमध्ये चार बोटांची फट होती.

केसरीनाथने बॅटरी मारली. तनयाने फटीत बघितलं.

भिंतीवरची लव एका जागी नव्हती. ताटलीएवढा भाग गुळगुळीत झाला होता आणि त्यावर तेलकट काळसर डाग होता. रोज भिंतीला टेकून बसणाऱ्या माणसाच्या डोक्याचा पडतो तसा. तिने मनातल्या मनात अंतर मोजलं. पलीकडे बरोबर तिचं टेबल होतं.

"कोनतरी कामगार टेकत आसल," केसरीनाथ म्हणाला.

"कुठे टेकेल, काका? इथे माझा हातसुद्धा अडकतो."

त्याने बॅटरी हलवली, पुन्हा स्थिर धरली. उजेड घसरून बाजूला, खाली गेला आणि तिथे दुसरा डाग दिसला. खालच्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर, पहिल्यापेक्षा ताजा. त्याच्या कडेची लव अजून ओलसर होती आणि एका अंगाला वळवलेली, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

पलीकडे त्या जागी ओवीची खाट होती.

"जा गो घरी," केसरीनाथ एकदम म्हणाला. "आयशी वाट बगत आसल. जा."

त्याने दिवे घालवले तेव्हा तो दाराच्या बाहेर उभा होता. हात तेवढा आत घातला होता.

७

त्या दिवसापासून तनयाने वही बंद केली. दप्तराच्या तळाशी, जुन्या जर्नलखाली ठेवली. तिने ओवीची खाट ओढून समोरच्या भिंतीला लावली. आईने कारण विचारलं तर म्हणाली, "तिकडे ओल आहे." आईने दोन दिवसांनी केर काढताना ती परत जागेवर लावली, समोर ठेवली की दार पूर्ण उघडत नव्हतं. तनयाने वाद घातला असता, पण काय सांगणार? चाळीसपैकी चाळीस मिळवणाऱ्या मुलीने काय सांगायचं?

तिने एक केलं. अभ्यासाची जागा बदलली. आता ती खाटेच्या पायथ्याशी बसून वाचायची, एक कान ओवीकडे ठेवून.

पुढच्या शुक्रवारी दुपारी ओवी झोपली होती. आई खाटेपाशी उभी राहून कौतुकाने बघत होती. "लूम बंद असूनही उठली नाही बघ आज. कशी शांत झोपलीय!"

तनयाही तेच ऐकत होती, ती शांतता. चांगलं वाटलं तिला क्षणभर. मग भिंतीतून शीळ आली.

बारीक, ओढलेली, शेवटी जराशी थरथरणारी. ती शीळ तिने शेकडो वेळा अंधारात ऐकली होती. पण ती खाटेवरून यायला हवी होती. तनया ओवीवर वाकली, तिच्या तोंडाला कान लावला, छातीला लावला. काही नाही. पोरीचं तोंड उघडं होतं, गळ्याची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. आणि आवाज नव्हता. ओठांच्या कडा निळ्या व्हायला लागल्या होत्या.

"आई! मशीन!"

"अगं, पण काही वाजत तर नाहीये—"

"आई, ओठ बघ तिचे!"

आईने ओवीच्या तोंडावर मास्क चढवला. तनयाने मशीनचं बटण दाबलं आणि ते सुरू झालं की नाही हे तिला कळेना. तेही तिने वहीत लिहिलं होतं, चौदावं. तिने त्यावर तळहात दाबून धरला. ते थरथरत होतं. भिंतीपलीकडेही एक मशीन घरघरत सुरू झालं होतं.

८

दवाखान्यात डॉक्टरांनी ओवीला ऑक्सिजन लावला, सुई दिली. स्टेथोस्कोप छातीवर ठेवला, सरकवला, पाठीवर ठेवला. मग कानातून काढून त्यावर टकटक केली आणि नर्सकडून दुसरा मागून घेतला. तोही लावून बघितला.

"छाती क्लिअर आहे," ते म्हणाले. मग त्यांनी निळ्या ओठांकडे बघितलं. "म्हणजे, मला काही ऐकू येत नाहीये."

संध्याकाळी ओवीच्या गालांवर रंग आला. मास्क बाजूला करून ती तनयाला म्हणाली, "ताई, एक सांगू? रागावणार नाहीस?"

"नाही रागावणार."

"तुझ्या वहीत मी पण एक लिहिलं. तू माझ्यामुळे रोज रात्री उठतेस ना. आई म्हणत होती, तनयाची झोप होत नाही. मग मी आरशात बघून लिहिलं. नियम पाळला मी."

घरी आल्यावर तनयाने दप्तर उलटं केलं. वहीत शेवटच्या ओळीवर ओवीचं वाकडं अक्षर होतं : 'माझी छाती वाजते तो.' पुढच्या रकान्यात : 'मी.' आणि त्यापुढे जांभळ्या खडूची खूण, नीट, ठळक.

तनयाने खूण खोडली. पान फाडलं, मग त्याचे तुकडे केले. खाटेवर ओवीचा श्वास तसाच मुका राहिला. मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "नवीन औषधाने शीळ थांबली असेल, चांगलंच आहे की. तू फार दमलीयेस, तनया."

या वेळी तिने ते पटवून घेतलं नाही.

९

रविवारी दुपारी आई औषधं आणायला गेली, बाबा ओवीच्या रिपोर्टसाठी दवाखान्यात गेले. दोघंही जाताना तेच म्हणाले. "तू आहेस ना."

कारखाना जोरात चालू होता. भिंत थरथरत होती, फडताळातली ताटं पुढे सरकत होती, आणि तनयासाठी हे सगळं निःशब्द होतं. आत दहाबारा कामगार धोटे भरत असतील, केसरीनाथ कोणावर तरी खेकसत असेल. एवढी माणसं चार बोटांवर होती. तिला त्यातून फक्त फडक्यासारखं ते घासणं ऐकू येत होतं, खाली, हातभर उंचीवर.

ओवी झोपली होती. तिच्याकडे किती वेळ बघत राहणार? छाती हलते का, किती हलते, शीळ आहे की नाही, डोळ्यांना कळत नाही. आणि ज्या घरात सगळ्यांचा भरवसा तिच्या कानांवर होता तिथे ऐकायची जागा आता एकच उरली होती.

तनया खाटेच्या बाजूला गुडघे टेकून बसली. तिने भिंतीला कान लावला.

घासणं थांबलं. भिंत थंड असायला हवी होती. ती कोमट होती, गालाच्या आकाराची कोमट. आणि अगदी जवळ, चुन्याच्या पातळ थरापलीकडे, ओवीचा श्वास होता. आत. बाहेर. मोकळा, स्वच्छ, शिळेशिवाय. तनयाला हुंदका आला. बरी आहे ती, बरी आहे. तिने डोळे उघडून ओवीकडे बघितलं, श्वासाबरोबर छाती वर येताना बघायला.

भिंतीत श्वास आला. मग ओवीची छाती वर आली.

भिंतीत श्वास गेला. मग छाती खाली गेली.

तिने दहा वेळा बघितलं. मनाला चुकायला जागा ठेवायची म्हणून अकराव्यांदा बघितलं. दर वेळी आधी भिंत, आणि मग ओवी, पाव क्षण मागून, धरून नेल्यासारखी.

बाराव्यांदा भिंतीत श्वास आला नाही.

पलीकडे कोणी गेलं नव्हतं. गाल तिथेच होता, ऊब तिथेच होती. कोणीतरी श्वास रोखून ऐकत होतं. खाटेवर ओवीची छाती खाली जाऊन तशीच थांबली होती.

तनयाने हाक मारली नाही, ती उठलीही नाही. फोन टेबलावर होता, मास्क खुंटीला होता, आणि तिथवर जायला भिंत सोडावी लागली असती. तिने तोंड वळवून ओठ त्या कोमट जागेवर टेकवले आणि मोठ्याने, सावकाश, सगळ्या छातीने श्वास घेतला. आत. मग बाहेर. पुन्हा आत.

थोडा वेळ काही झालं नाही. मग पलीकडून कोणीतरी तस्साच श्वास घेतला.

ओवीची छाती वर आली.

तनया एकामागून एक श्वास घेत राहिली. दुसऱ्या कोणाची तरी छाती असल्यासारखी ती आपली छाती भरत होती, रिकामी करत होती, आणि डोळे खाटेवर लावून मनात मोजत होती.

बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की आपला श्वास आपल्याला ऐकू येत नाहीये.